उपाशी झाड, आजारी झाड

"रंग काढ."

जनूकाका माझ्याशी बोलले ते हे पहिले दोन शब्द. नोकरीचा माझा पहिलाच दिवस होता. पालघरातल्या एका छोट्या सरकारी कचेरीत जंगलांचे नकाशे होत. उपग्रहाची चित्रं वाचायचं शिक्षण घेऊन आणि बोईसरहून डबा घेऊन मी तिथे कंत्राटावर रुजू झाले होते. पडद्यावर मनोरच्या बाजूच्या डोंगरांचं चित्र उघडलं होतं. अशा चित्रात निरोगी झाडी हिरवी नाही, लालभडक दाखवतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकारचा प्रकाश हिरवी पानं जोरात परतवतात आणि यंत्र त्याला लाल रंग देतं. चित्र देखणं दिसत होतं आणि मी स्वतःवरच खूश होते. तेवढ्यात चहाचा ग्लास धरलेला, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला एक उंच, रापलेला माणूस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि असं म्हणाला.

"काय म्हणालात?"

"रंग काढ, बाय. सगला करडा कर. आनि चित्र उलटं फिरव, डोकं खाली पाय वर."

कुणीतरी गंमत करतंय असं वाटून मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. नव्या माणसाने वाद घालू नये म्हणून मी चित्र करडं केलं, फिरवलं आणि थक्क झाले. मघाशी खड्ड्यासारखे दिसणारे भाग टेकड्या होऊन वर आले होते आणि मी डोंगराची धार समजत होते तो ओहळ निघाला. आपल्याकडे ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे उत्तर वर ठेवलेल्या चित्रात सावल्या आपल्यापासून दूर पडतात आणि डोळा फसतो. सावली आपल्या अंगावर यायला हवी. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. करून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"आता डोंगर डोंगर झाला," म्हणून काका चहा संपवायला निघून गेले.

त्यांचं नाव जनार्दन, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना जनूकाका म्हणत. हुद्दा अनुरेखक, म्हणजे पारदर्शक कागदावर नकाशा गिरवून काढणारा माणूस. संगणक आले आणि ते कामच गेलं, पण काका राहिले. खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलावर दोन भिंगांचं, चार पायांचं एक जुनं यंत्र होतं. त्याखाली विमानातून काढलेले एकाच जागेचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे आणि भिंगांतून पाहायचं. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. "डोळे सैल सोड, दर्याकडं बगतो तशी बग," काका म्हणाले. मग एकदम झाडं उठून उभी राहिली आणि अंगावर आली. मी घाबरून मान मागे घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं.

लाल आणि हिरवा यांतला फरक काकांना दिसत नसे. हे कचेरीत सर्वांना ठाऊक होतं. मला कळायला महिना लागला. मी एकदा त्यांना म्हणाले, "काका, हा लाल पट्टा बघा ना," तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाय, मना तो मातीसारखा दिसतो. हिरवापन मातीसारखाच. बाजारात टमाटे घ्यायला बायको मना धाडत नाय." त्या दुपारी डबे उघडल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. भरती-ओहोटीची वेळ सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

ते मुरब्याचे. वडिलांची होडी होती आणि दोघे भाऊ वडिलांबरोबर मासेमारीला जात. सतरा वर्षांच्या जनूच्या हातात एका सांजेला सुकाणू होतं. होडीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. त्यावरून समोरची होडी कुठल्या बाजूने चालली आहे ते कळतं. धुरकट हवेत समोर एक दिवा दिसला. ती होडी आपल्यापासून दूर जातेय असं जनूला वाटलं आणि त्याने आपली तशीच पुढे नेली. दोन्ही होड्या एकमेकींवर आदळल्या. धाकटा दामू मधे सापडला. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. वडिलांनी जनूला पालघरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं पुढे धरली आणि त्यांतले आकडे वाचायला सांगितले. जनूला एकाही चित्रात आकडा दिसला नाही.

"बापूस मना काय बोलला नाय," काका म्हणाले. "एक शबूद नाय. फक्त सुकान परत कंदी हातात दिला नाय. दर्यानं मना किनाऱ्यावर टाकलं, बाय. मंग मी हितं आलो."

इथेही ते रंगातच येऊन पडले. नकाशे रंगवायचे होते. शाईच्या बाटल्या त्यांनी एका ओळीत लावून ठेवल्या होत्या. पहिली कुठली, तिसरी कुठली हे पाठ. एकदा टेबल पुसताना कुणीतरी बाटल्यांची जागा बदलली आणि काकांनी एक अख्खं गाव राखीव जंगलात टाकलं आणि जंगलाचं गावठाण करून ठेवलं. त्या वेळच्या साहेबांनी बोलावून घेतलं. काकांनी खरं काय ते सांगून टाकलं आणि घरी जायच्या तयारीने उभे राहिले. साहेबांनी कपाटातून विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. सगळे फोटो काळे-पांढरे. "यात रंगच नाहीत," ते म्हणाले. "बघ, तुला काय दिसतं."

पुष्कळ दिसलं. रंगाच्या नादाला न लागणारी ती नजर झाडाच्या माथ्याचा पोत टिपायची. कुठला माथा मऊ, कुठला राठ, कुठला विरळ झालाय. सागाचा माथा त्यांना "ताटावर उलटी घातलेली टोपली" वाटायचा आणि ऐनाचा "न विंचरलेलं डोकं". मी संगणकाला झाडं ओळखायला शिकवत होते तेव्हा नमुने निवडायला काका शेजारी बसत. संगणक चुकला की ते त्याच्यावर चिडत नसत. "त्याला दोन मैने झाले शिकायला लागून," म्हणत, "मना दोन वर्सं लागलेली."

आता ज्या गोष्टीसाठी हे सारं लिहायला बसले, ती सांगते. दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. पावसाळ्यात उपग्रहाला आमच्या डोंगरांवर ढगांशिवाय काही दिसत नाही. सप्टेंबर सरता सरता आकाश उघडलं, पहिलं स्वच्छ चित्र हाती आलं आणि मी हादरले. मनोरपलीकडच्या एका डोंगराचा पूर्ण उतार, पायथ्याच्या पाड्यापासून वरच्या कड्यापर्यंतचं सागाचं जंगल, वणवा लागून गेल्यासारखं दिसत होतं. ऐन पावसाळ्यात वणवा कुठला? हे काम किडीचं होतं. मी आमची पद्धत चालवली. संगणकाने उतारभर एकच शेरा मारला: बाधित.

साहेब भले गृहस्थ होते, पण वरून विचारणा सुरू झाली होती. कीड शेजारच्या जंगलांत पसरली तर जबाबदार कोण? बाधित झाडं ताबडतोब तोडून टाकावीत अशी शिफारस मी अहवालात लिहिली. माझ्या नावावर जाणारा तो पहिला मोठा अहवाल होता आणि पुढच्या महिन्यात माझं कंत्राट वाढायचं की नाही ते ठरणार होतं.

काकांनी तो उतार करडा करून, उलटा करून पाहिला. मग गेल्या वर्षीची चित्रं मागितली, त्याआधीचीही मागितली. बराच वेळ हाताची मूठ तोंडावर धरून बसले.

"बाय, हितं दोन दुखनी हायत," ते शेवटी म्हणाले. "हा उतार बग. सगला येकदम उतरलाय. येका लाटंत. कुनी ताटातला घास काडून घेतल्यासारका. आनि ह्यो ओहोल बग. हितं येक माथा गेलाय, त्याच्या बाजूचा चांगला हाय, मंग परत येक गेलाय. गेल्या वर्सीपन हितं टिपके व्हते. हा उतार उपाशी हाय. ह्यो ओहोल आजारी हाय. उपाशी मानूस जेवला की उठतो. त्याला मारून कसा चालंल?"

"पण संगणक दोन्हीकडे एकच आकडा दाखवतोय, काका."

"पानं दोन्हीकडं नायत, म्हनून. दोन दिस दे मना."

मी हो म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी साहेबांनी विचारल्यावर अहवाल वर पाठवून दिला. काकांच्या शंकेबद्दल त्यात एक ओळही नव्हती. डोळ्याने अंदाज बांधणारा माणूस, तोही रंग न दिसणारा, त्याच्या म्हणण्यापायी अहवाल कशाला अडवायचा, असं मी मनाशी म्हटलं. हे लिहायला आज जड जातं, पण मी तसंच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते नुसतं "बरं" म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "मंग आता चालत जावं लागल."

ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. मीही मागे गेले. साहेब म्हणाले, "जनूकाका, तुमची निवृत्ती दोन महिन्यांवर आली. आता कशाला हे अंगावर घेता?"

"दोन मैने हायत म्हनूनच, साएब. नंतर मना कोन इचारनार हाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सर, काकांची शंका मला कालच माहीत होती. मी ती लिहिली नाही." माझे कान तापले होते. साहेब म्हणाले, "आठ दिवस. तोवर मी वर काहीतरी सांगतो."

गाडी आम्हाला मनोरच्या पुढे कच्च्या रस्त्याच्या टोकापर्यंत सोडून गेली. काकांच्या पायात नवेकोरे कापडी बूट होते. वाट चढायला लागली तेव्हा मी सहज विचारलं, "काका, यापूर्वी इकडे कधी आला होतात?"

"नाय."

"म्हणजे या डोंगरावर?"

"कुटल्याच डोंगरावर नाय. अनुरेखकाला फिरती नसते, बाय. मी जंगलात आज पयल्यांदा पाय टाकतो."

मी थांबलेच. तीसहून जास्त वर्षं ज्या माणसाने या जिल्ह्यातलं झाडन् झाड वाचलं होतं, तो झाडाखाली कधी उभाच राहिला नव्हता! आणि तरी पुढची वाट तेच दाखवत होते. "आता उजव्या हाताला कातल लागल." लागला. "त्याच्या म्होरं येक जुना ऐन हाय, येकटाच." होता. त्या ऐनापाशी काका थांबले. त्यांनी वर पाहिलं, मान पार मागे टाकून. खालून झाड कसं दिसतं हे त्यांना नवीन होतं. मग खरखरीत खोडावर त्यांनी तळहात ठेवला.

"तुला मी वरून लई वर्सं पायलाय," ते त्या झाडाला म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बराच वेळ वळून पाहिलं नाही.

पाड्यावर आम्हाला जेठीबाय भेटली. वारली बाई, साठीच्या पुढची, डोक्यावर लाकडाची मोळी. तोडीची बातमी आमच्याआधी तिथे पोहोचली होती. मी पिशवीतून ड्रोन काढून उडवला तशी ती त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "घारीवानी हाय," ती म्हणाली. "पन घार खाली उतरते. तुमी वरूनच बघून आमची झाडं तोडनार?"

"म्हनून तर चालत आलो, बाय," काका म्हणाले. "तू सांग, काय झालंय झाडाला?"

"काय नाय झालं. आलीनं पानं खाल्ली. मंग दुसरी येतील. सगली चांगली हायत. येकपन तोडू नका." तिचं म्हणणं आम्हाला कळत होतं. उतारावरची माती त्या झाडांनी धरून ठेवली होती आणि पाड्याचा पाण्याचा झरा त्याच उतारातून येत होता. झाडं गेली तर पुढच्या पावसात काय होईल ते सांगायला उपग्रह नको होता.

आम्ही उतारावर चढलो. जमिनीवर सागाची पानं पडली होती, नुसत्या शिरांची, चाळणीसारखी. फांद्यांवरही तशीच लटकत होती. मधला हिरवा गर अळ्यांनी खाऊन टाकला होता. काकांनी चाकूने एका फांदीची साल नखाएवढी खरवडली आणि माझ्यापुढे धरली.

"रंग सांग."

"हिरवा. ओला हिरवा."

त्यांनी तिथे बोट टेकवून ओल तपासली. दुसरं झाड, तिसरं झाड, असे दिवसभर आम्ही फिरलो. ते खरवडत, मी रंग सांगे, मग ते बोट टेकवत आणि मी वहीत नोंद करी. उतारावर जवळपास सगळीकडे हिरवा. वरच्या कड्याजवळ मात्र काही फांद्यांत कोरडा तपकिरी लागला. "त्येपन लिव," काका म्हणाले. मला वाटलं होतं, ती झाडं ते सोडून देतील.

ओहळाकाठी दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे गोष्टच वेगळी होती. खोडांवर बोटभर रुंदीची भोकं, बुंध्याशी भुशाचे ढीग. शेंडे वाळलेले. खोडाच्या मधूनच भलतीकडे केविलवाणे धुमारे फुटलेले. काकांनी खोडावर मुठीने ठोकलं. पोकळ आवाज आला. या अळीने पानाला तोंड लावलंच नव्हतं. ती लाकडात शिरली होती आणि आत राहून वर्षानुवर्षं पोखरत होती. मी मोजली, सत्तावीस झाडं. ड्रोनच्या चित्रातही तेवढेच माथे होते, आणि काकांनी कचेरीत बसून कागदावर केलेले ठिपके पंचवीस होते.

"दोन चुकली," ते म्हणाले. त्यांना त्या दोन झाडांचं वाईट वाटलेलं दिसलं.

जेठीबाय आमच्यामागून आली होती. ओहळाकाठची झाडं तोडावी लागतील हे ऐकून ती भडकली. "तुमी बी तेच! आदी सत्तावीस, मंग सगली!"

काका तिच्यासमोर दगडावर बसले. "बाय, माज्या भावाचा पाय माज्या चुकीनं गेला. नीट दिसलं नाय म्हनून गेला. मी तुला न बगता काय नाय सांगनार. ही सत्तावीस ठेवली ना, तर ह्यांच्यातली आली वरच्या झाडांत जाईल. वरची उपाशी हायत आता, त्यांच्यात जोर नाय." त्यांनी समोरच्या खोडांकडे हात केला. "तू म्हनशील ते झाड आदी कापू. आत चांगलं निगालं, तर मी बाकीच्या झाडांना हात लावू देनार नाय."

तिने बराच वेळ विचार करून एक झाड दाखवलं. सगळ्यांत जाड, सगळ्यांत चांगलं दिसणारं. ते नेमकं काकांच्या ठिपक्यांतून सुटलेल्या दोनांपैकी एक होतं. परवानगी येऊन ते झाड पडायला चार दिवस गेले. खोड आडवं झालं तेव्हा आतून मनगटापर्यंत हात जाईल एवढं भगदाड दिसलं आणि त्यातून भुसा सांडला. जेठीबायने त्यात बोटं घालून पाहिलं. "आत काय ठेवलंच नाय मेल्यानं," ती पुटपुटली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "कापा ही. वरच्यांना हात लावू नका."

साहेबांनी नवा अहवाल मागवला. मी दोन भाग केले. ओहळाकाठची सत्तावीस झाडं तोडावीत, तोडलेलं लाकूड तिथून हलवावं. उतार तोडू नये, थांबावं. "किती थांबायचं?" साहेबांनी विचारलं. "आणि नाही आली पानं, कीड पसरली, तर?" काकांनी पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: पाहणी मी स्वतः केली आहे, थांबण्याचा सल्ला माझा आहे. त्याखाली सही. निवृत्तीला सात आठवडे उरलेल्या माणसाने अशी सही करू नये, असं कचेरीतल्या सगळ्यांचं मत होतं. मी त्यांच्या सहीखाली माझी केली. त्या बाबतीत नंतर कधी पश्चात्ताप झाला नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. दर पाच दिवसांनी उपग्रह डोंगरावरून जाई. पहिल्या खेपेला काहीच फरक नव्हता. दुसऱ्या खेपेला ढग. तिसऱ्या खेपेला मी सकाळी साडेनऊला कचेरीत पोचले तर काका माझ्या टेबलाशी आधीच येऊन उभे होते, आणि ते कधीच वेळेच्या आधी येत नसत. मी चित्र उघडलं. करड्या चित्रात जिवंत पालवी उजळ दिसते, जितकी भरघोस तितकी पांढरट. उताराच्या खालच्या अंगाला, पाड्याच्या डोक्यावर, राख झटकल्यासारखा एक फिका पट्टा आला होता.

"मना बरोबर दिसतंय ना?" काकांनी विचारलं. त्यांनी मला असं कधीच विचारलं नव्हतं.

"बरोबर दिसतंय, काका."

आम्ही त्याच दिवशी निघालो. उतारावर सागाच्या फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी कोवळी पानं आली होती. सगळीकडे नव्हती, पण झाडामागून झाड होती. जेठीबायने एक कोवळं पान तोडलं, काकांचा हात धरला आणि त्यांच्या तळव्यावर ते पान चुरडून घासलं. सागाचं कोवळं पान चोळलं की रंग सुटतो हे आमच्याकडे लहान मुलींनाही ठाऊक असतं. काका आपल्या तळव्याकडे बघत राहिले.

"लाल हाय ना?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"लाल आहे, काका. एकदम लाल."

ते मान हलवत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्यांनी तो हात वापरला नाही.

सगळीच झाडं उठली असं नाही. कड्याजवळची काही वाळली ती वाळलीच, आणि पुढच्या पावसाळ्यात ती काढावी लागली. पण उतार राहिला, झरा राहिला. माझं कंत्राटही वाढलं. साहेब म्हणाले, "अहवाल मागे घ्यायला जास्त हिंमत लागते." ती हिंमत माझी नव्हती, उसनी होती, हे मी त्यांना सांगितलं.

काकांच्या निरोप समारंभात त्यांना भाषण करायला सांगितलं तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला. दामूकाका मुरब्याहून आले होते, काठी टेकत. त्यांनीच आग्रह केला तेव्हा काका उभे राहून एवढंच बोलले, "साएब, येक इनंती हाय. ह्याच्या पुडं तोडीच्या अहवालात येक रकाना घाला. झाडाखाली कोन उभं राहिलं, त्याचं नाव." साहेबांनी तो रकाना घातला. आजही आमच्या कागदावर तो आहे आणि त्यात बहुतेक वेळा माझं नाव असतं. त्या रकान्यापायी माझे दोन जोडे बूट झिजले. नवीन आलेल्या मुली कुरकुरतात, मग मी त्यांना घेऊन जाते आणि परतताना कुरकुर ऐकू येत नाही.

काका मुरब्याला परत जाऊन किनाऱ्यावर बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते महिन्यातून दोनदा एसटीने मनोरला उतरतात आणि पाड्यावर चालत जातात. ओहळाकाठी सत्तावीस झाडांची जागा मोकळी झाली होती. तिथे जेठीबायने आणि पाड्यावरच्या बायकांनी रोपं लावली आहेत: ऐन, किंजळ, हिरडा, मोह, मधूनमधून साग. एकाच जातीचं जंगल असलं की एकाच अळीला पूर्ण जेवण मिळतं, हे काकांनी त्यांना समजावलं की त्यांनी काकांना, यावर दोघांत अजून वाद आहे. गेल्या उन्हाळ्यात काका आणि जेठीबाय झऱ्यावरून डबे भरून रोपांना पाणी घालत होते. मी गेले तेव्हा काकांनी मलाही एक डबा दिला.

परवा नवं चित्र आलं. मी पडद्यावर त्या ओहळाशी जाऊन बराच वेळ पाहिलं. आमच्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरचा चौकोन, त्यात गुडघाभर रोपं कुठून दिसणार? पडद्यावर तिथे अजून उघडी जमीनच आहे. मी काकांना फोन केला आणि म्हणाले, "काका, चित्रात काहीच नाही."

"चित्रात नाय," ते म्हणाले. पलीकडे वारा वाहत होता, म्हणजे ते डोंगरावरच होते. "हितं हायत. मोजतोय मी. रविवारी ये."